मामी, त्या मेसेजवरून इंजेक्शन नाकारू नका

"ते रक्त थांबवायचं इंजेक्शन नगं म्हणून लिहून देऊ का गं?" काल रात्री साडेदहाला औशाहून मामींचा फोन. सोमवारी लातूरला त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन आहे. भावकीच्या ग्रुपवर मेसेज आलाय: या इंजेक्शननं अंगभर रक्त गोठून अटॅक येतो, डॉक्टर पोटात जाळी सोडतात, हे सगळे गरिबांवरचे प्रयोग आहेत, त्यापेक्षा जखमेत हळद भरा. अकरा वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. असलं वाचून डोकं फिरतं.

इंजेक्शन म्हणजे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. ते गुठळी बनवत नाही. जखमेवर धरलेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवायला लागतं, ते विरघळणं हे औषध रोखतं. 2022 साली या औषधाच्या पॉइज-3 नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयाची ऑपरेशनं सोडून इतर ऑपरेशनांचे 9535 रुग्ण. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं इंजेक्शन. कुणाला काय दिलं ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. गंभीर रक्तस्राव औषध घेतलेल्यांत 9.1 टक्के, न घेतलेल्यांत 11.7. हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा त्रास 14.2 आणि 13.9. धोका अजिबात वाढत नाही, असं ठामपणे संशोधकांनीही म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणणार नाही. पूर्वी पायात गुठळी झाली असेल, फिट येत असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचंच. पण अंगभर रक्त गोठतं? साफ खोटं.

प्रयोग म्हणाल तर हे औषध जपानात संशोधक उताको ओकामोटो आणि त्यांच्या नवऱ्यानं 1962 साली जगापुढे आणलं. मामींचा तेव्हा जन्मही नव्हता.

रक्त थांबवायला आत ठेवतात ती जाळी वनस्पतीच्या तंतूची असते. रक्त लागलं की काळी पडते, एक-दोन आठवड्यांत विरघळते. रक्त टिपायचे कापडी मॉप पोटात राहिल्याच्या घटना घडल्यात, हे मात्र खरं. म्हणून तर पोट शिवायच्या आधी आम्ही ते मोठ्यानं मोजतो.

आणि हळद! हातमोज्यांवरची बारीक पावडर पोटात गेली तरी आतडी एकमेकांना चिकटू शकतात. अमेरिकेनं 2017 पासून तसल्या मोज्यांवर बंदी घातली. मग डब्यातली, चमचा बुडवलेली, निर्जंतुक न केलेली हळद उघड्या जखमेत? भाजीत घाला, दुधात घाला. टाक्यांजवळ आणू नका.

मामी, कुठंही काही लिहून देऊ नका. रविवारी संध्याकाळी येते. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी तेवढी काढून ठेवा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचीय.