पिंग होतंय, मग डोमेन का सापडत नाही?

ऑफिसात डोमेन (म्हणजे सगळी मशीन्स एका सर्व्हरच्या ताब्यात आणणारी व्यवस्था) सेटअप करायला बसलं की सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "पण नेट तर चालतंय ना!" चालतंय हो. व्हिडिओ चालतायत, मेल येतायत, सर्व्हरच्या आयपीला (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्याला) पिंग मारलं, म्हणजे "आहेस का" विचारलं, की टकाटक रिप्लाय येतोय, आणि तरी मशीन डोमेनला जोडायला घेतलं की तोच मेसेज, डोमेन कंट्रोलरशी (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरशी) संपर्क होत नाही, नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटरशी बोला. अहो ॲडमिनिस्ट्रेटर मीच आहे, बोलू कोणाशी?

मग आधी केबल काढून परत लावायची (मागे उभ्या असलेल्या मंडळींना तेवढंच समजतं, त्यांचं समाधान होतं) आणि नंतर आयपीकॉन्फिग, मशीनचे पत्ते दाखवणारी कमांड. एका मशीनचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता, त्याचं दुखणं सोपं, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून काही मिळालं नाही म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेऊन टाकला. बाकीची मशीन्स एकदम सज्जन, १९२.१६८ वाली, मास्क बरोबर, गेटवे बरोबर. आणि नावावरून आयपी शोधून देणाऱ्या डीएनएसच्या जागी ८.८.८.८.

हा नंबर कोणी टाकला ते कधीच कळत नाही. आधीच्या कोणीतरी टाकलेला असतो, "फास्ट चालतं" म्हणून. गुगलचा हा पब्लिक डीएनएस २००९ पासून आहे आणि बाहेरच्या जगाचं काहीही विचारा, उत्तर हजर. पण आमच्या ऑफिसातला कंट्रोलर कुठे बसलाय हे त्या बिचाऱ्याला कसं माहीत असणार? मशीन कंट्रोलरचा पत्ता डीएनएसमधल्या एसआरव्ही रेकॉर्डवरून (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे त्या नोंदीवरून) शोधतं, आणि ते रेकॉर्ड फक्त आतल्या डीएनएसमध्ये असतात. म्हणजे घरातली कात्री कुठे ठेवलीय ते स्टेशनच्या चौकशी खिडकीवर विचारायचं, आणि वर खिडकीवाला मदत करत नाही म्हणून चिडायचं.

हे सगळं समजावून सांगितलं की एक हुशार माणूस म्हणतोच, "मग पहिला आपला टाका सर, आणि दुसरा ८.८.८.८ राहू दे, सेफ्टीला." ही सेफ्टी सगळ्यात घातक. दुसरा डीएनएस पहिल्याला उत्तर माहीत नसेल तेव्हासाठी नसतोच, पहिला गप्प बसला तर असतो. "असं नाव नाही" हेही उत्तरच झालं, मशीन तिथेच थांबतं. आणि पहिला जरा कधी अडखळला की मशीन दुसऱ्याकडे जातं आणि थोडा वेळ तिथेच रमतं, तेवढ्यात डोमेन गायब, तुम्ही धावत जिना चढून पोचता तर, "आत्ता चालतंय सर." आतल्या मशीन्सना फक्त आतला डीएनएस द्यायचा, बाहेरचं काय ते सर्व्हरने फॉरवर्डरला, म्हणजे बाहेरच्या डीएनएसला, विचारावं, विषय संपला.

संपत नाही म्हणा. कारण मिळालेला नकारसुद्धा कॅशमध्ये (मशीनच्या तात्पुरत्या आठवणीत) राहतो, म्हणजे सेटिंग बरोबर केलं तरी मशीन थोडा वेळ जुनंच "नाही" धरून बसतं. म्हणून फ्लशडीएनएस, ती आठवण पुसणारी कमांड. त्यानंतरही एक मशीन ऐकेना, थेट डीएनएसला विचारणारं एनएसलुकअप बरोबर पत्ता सांगतंय आणि त्याच नावाला पिंग मारलं की भलत्याच आयपीवर जातंय! शेवटी होस्ट्स फाइल (मशीनमधलीच नाव-पत्त्यांची यादी) उघडली तर आत सर्व्हरचा जुना पत्ता आरामात पडलेला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली, त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं अशाच एका फाइलमध्ये असायची, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. डीएनएस आला तरी ती फाइल काही गेली नाही, प्रत्येक मशीनमध्ये आहे, मशीन डीएनएसच्या आधी तीच बघतं, आणि एनएसलुकअप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ती ओळ उडवली, रीस्टार्ट केलं, डोमेनने एकदाचं वेलकम म्हटलं. मी खुर्चीत मागे टेकतोय तोच पलीकडच्या टेबलावरून आवाज, "सर, तुम्ही ते डोमेन का काय केल्यापासून नेट स्लो झालंय हां."