‘आज अर्धीच भरजो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली होती. उत्तराला आठ दिवस लागले, कारण ‘धन्यवाद, विचार करते’ म्हणून सोडून देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सर म्हणते आहे.

नंतर येणाऱ्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लघुकथेच्या मूलभूत घटकांवरच्या माझ्या लेखात मी कथानक, पात्रं, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन आणि भाषा अशी विभागणी केली होती. तुम्ही म्हणालात, असे कप्पे पाडले की कथेचा जीव जातो. कथा घडते, ती घडवता येत नाही. ‘संघर्षाशिवाय कथा नाही’ हे वाक्य धडधडीत चूक आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त संवादात, हा सल्ला नागपुरात बसून द्यावा याचं तुम्हाला वाईट वाटलं. आणि शेवटी तुमच्या आजीबद्दल लिहिलंत. उन्हाळ्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या घातल्या की ती हरवलेल्या गाईची गोष्ट सांगायची, आणि दर वेळी सुरुवात करायची ती गोठ्यात पडलेल्या रिकाम्या दाव्यापासून. ‘तिला कुठे माहीत होते तुमचे घटक?’ असं तुम्ही विचारलंत.

आधी माझं जिथे चुकलं तिथून सुरू करते.

संघर्षाचं ते वाक्य मी मागे घेते. इतक्या ठिकाणी ऐकलं होतं की तपासून पाहावं असं वाटलंच नाही. आरंभ, चढण, कळस, उतार, शेवट असा जो त्रिकोण कथालेखन शिकवताना फळ्यावर काढतात, तो मुळात कथेचा नव्हेच. गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली तो मांडला तो पाच अंकी नाटकासाठी, ग्रीक शोकांतिका आणि शेक्सपिअरची नाटकं समोर ठेवून. नाट्यगृहात माणसं दोन-तीन तास धरून ठेवायची तर दोन बाजू एकमेकींवर आदळाव्या लागतात. आठ पानांच्या कथेला तेच माप लावलं की पाचव्या पानावर बापलेकाचं भांडण होतं, सातव्यावर कुणीतरी आजारी पडतं आणि आठव्यावर सगळे रडतात. अशा कथा मी वाचल्यात, लिहिल्याही आहेत.

आणि हे कळायला जर्मनीपर्यंत जायची गरजच नव्हती. वामन कृष्ण चोरघडे आपल्या नागपूर जिल्ह्यातले, १९१४ साली नरखेडला जन्मलेले, १९७९च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांच्या कितीतरी कथांत भांडण नाही, खलनायक नाही, घटनाही नखाएवढी. एक भाव धरायचा आणि तो पुरता उमलला की थांबायचं. कॉलेजात असताना मी त्या कथा वाचून रात्र रात्र जागलेली आहे, आणि तरी लेख लिहिताना हात गेला तो फळ्यावरच्या त्रिकोणाकडे. याची मला खरोखर खंत वाटली.

मात्र संघर्ष काढून घेतला तर त्या जागी काहीतरी लागतंच. घटना नुसत्या एकापुढे एक ठेवल्या तर ती रोजनिशी होते. मी आता असं म्हणेन की कथेत काहीतरी निसटण्याच्या बेतात असायला हवं, आणि ते निसटतंय हे निदान वाचकाला तरी जाणवायला हवं. पात्राला जाणवलं नाही तरी चालेल. कधी कधी तर जाणवू नये हेच बरं.

हे मला माझ्याच एका कथेने शिकवलं. लेखात तिचा उल्लेख टाळला होता, आता सविस्तर सांगते, कारण तुमच्या कप्प्यांच्या मुद्द्यालाही तेच उत्तर आहे.

नागपूरच्या महाल भागातलं एक जुनं घर. मे संपत आलेला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू. घरात एकटी म्हातारी. खिडकीत लोखंडी स्टँडवर कूलर, त्याला नवीन खस लावलेली, आणि शेजारचा बारा वर्षांचा पोरगा रोज दुपारी चारला पाइप लावून टाकी भरून देतो. म्हातारीचा मुलगा पुण्याहून आलाय. तो तिला कायमचं घेऊन जाणार आहे, घर विकायचं ठरलंय. संध्याकाळची गाडी.

पहिल्या खर्ड्यात मी हे सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या निवेदकाकडून सांगितलं. तो कधी म्हातारीच्या मनात शिरायचा, कधी मुलाच्या. मुलाचं कर्ज, सुनेचा फोन, घराचा सौदा, देवघरासमोरचं भांडण, मग समेट. चौदा पानं झाली. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, तर संपादकांनी परत करताना एवढंच लिहिलं होतं की तुम्ही सगळं सांगून टाकलंत. मी वर्षभर ती कथा दुरुस्त करत होते आणि वर्षभर चुकीची जागा दुरुस्त करत होते. मुलगा फार दुष्ट वाटतोय म्हणून त्याला दोन चांगली वाक्यं दिली. म्हातारी फार केविलवाणी वाटतेय म्हणून तिला थोडी खाष्ट केली. काही केल्या कथा हलेना.

मग एकदा कागद घेऊन एकेक घटक वेगळा काढला. कथानक ठीक होतं. माणसं ठीक होती. जागा तर माझ्या ओळखीचीच. ‘हे कोण सांगतंय’ या ओळीपुढे मात्र मला काहीच लिहिता येईना. कारण ते कोणीच सांगत नव्हतं. मग मी ती कथा त्या पोराला सांगायला दिली.

पोरगा खिडकीबाहेर उभा. त्याला आतलं भांडण ऐकू येत नाही, म्हणून भांडण गेलं. सौदा त्याला कळत नाही. त्याला दिसतो तो फक्त टेप घेऊन अंगण मोजणारा एक माणूस. कर्ज, सून, फोन सगळं आपोआप गळालं. चौदाची पाच पानं झाली. सुरुवात अशी आली:

‘सकाळीच आजीनं गॅलरीतून आवाज देला. म्हने, आज अर्धीच भरजो. मी म्हटलं, काऊन? त काही बोललीच नाही.’

संध्याकाळी निघायचंय, रात्री त्या खोलीत कोणीच झोपणार नाही, म्हणून टाकी अर्धीच पुरे. हे कथेत कुठेही लिहिलेलं नाही. पोराला ते कळलेलं नाही. वाचकाला कळतं. चार वाजता पोरगा येतो आणि सवयीने टाकी काठोकाठ भरून टाकतो. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा पाइप घेऊन येतो, तर पाणी जेमतेम उतरलेलं. कथा तिथे संपते.

सर, इथे मी एकच घटक बदलला होता. घटना त्याच, माणसं तीच, घर तेच. निवेदक बदलला आणि त्याने बाकीचं सगळं आपल्यामागे ओढून नेलं: संवाद किती, जागा केवढी, शेवट कुठे, अगदी भाषासुद्धा. तेव्हा कप्पे म्हणून तुम्ही जे नाकारता आहात ते मलाही मान्य नाही. लेखात मी ते एकाखाली एक असे मांडले की प्रत्येकाला स्वतंत्र दार आहे असंच वाटावं. पण त्यांना नावं असणं मला हवंच आहे. शेतकऱ्याला पिकाचं काय बिघडलं ते कळायला मूळ, खोड, पान असे शब्द लागतात, आणि त्या शब्दांनी झाड कापलं जात नाही. ‘निवेदक’ हा शब्द माझ्याकडे नसता तर मी आणखी एक वर्ष त्या बिचाऱ्या मुलाचा स्वभाव सुधारत बसले असते. म्हणूनच ‘कथा घडते, घडवता येत नाही’ हे मला पटत नाही. पहिला खर्डा घडतो. पुढचं सगळं हाताने करावं लागतं.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली, ती तुमच्यामुळे आठवली. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन कथाकाराने १८४२ साली हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दाने एकाच परिणामाकडे न्यावं. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या त्या कथेत वाड्यातल्या आडाबद्दल एक परिच्छेद होता, भोसल्यांच्या काळातलं बांधकाम, उन्हाळ्यात दगडांना सुटणारा ओलसर वास, असा. माझ्या हातून उतरलेला तो सगळ्यात चांगला परिच्छेद होता असं मला अजून वाटतं. पोराला आडाशी देणंघेणं नव्हतं. काढून टाकला. अजून हळहळ वाटते.

आता तुमची आजी.

त्या गाईची गोष्ट जशी घडली तशी सांगायची तर बाजारातून गाय आणली तिथून सुरू व्हायला हवी: केवढ्याला घेतली, पहिलं वासरू कधी झालं, दूध किती द्यायची. तुमची आजी हे सगळं सोडून रिकाम्या दाव्यापासून सुरू करायची. म्हणजे घटनांचा क्रम वेगळा आणि सांगण्याचा क्रम वेगळा हे तिला पुरतं माहीत होतं. कथानक म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? दावं दिसलं की ऐकणारी पोरं सावरून बसणार, गाय कुठे गेली हे विचारल्याशिवाय झोपणार नाहीत, एवढा हिशेब त्या एका वस्तूत होता. तिच्याकडे शब्द नव्हता, विद्या होती. तुम्ही आजीचं उदाहरण माझ्या विरोधात दिलंत, पण मला ती माझ्या बाजूला बसलेली दिसते.

आणि ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या परंपरेतल्या केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केल्या, ११४ दृष्टान्त. प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग गोष्ट, मग तिचा अर्थ उलगडणारं दार्ष्टान्तिक. महानुभावांचं रिद्धपूर इथून काही तासांवर, आणि मराठी गद्यातली गोष्ट सांगण्याची इतकी रेखीव बांधणी त्या परंपरेत तेराव्या शतकाच्या सुमाराची. घटक वेगळे करून पाहणं हे काही परक्यांकडून आलेलं खूळ नाही. शाळेत तुम्ही हे शिकवलंही असेल, मी तुम्हाला काय सांगणार. मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते: आजच्या लघुकथेने यातलं सूत्र गाळलं आणि दार्ष्टान्तिकही गाळलं. मधली गोष्ट तेवढी ठेवली आणि उरलेली दोन्ही कामं वाचकावर सोपवली. ‘अर्धीच भरजो’ला मी दार्ष्टान्तिक जोडलं असतं, म्हणजे पोराची आई शेवटी येऊन ‘अरे, आजी कायमची गेली’ असं म्हणाली असती, तर ती परत पहिल्या चौदा पानांचीच कथा झाली असती.

व्रताच्या कहाण्यांचं याहून निराळं. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की नगर कोणतं हे विचारायचं नसतं. लघुकथेत विचारायचं असतं. नवतप्यातलं महाल काढून तिथे कुठलंही गाव घातलं तर अर्ध्या टाकीचा अर्थच उरत नाही. जिथे कूलरशिवाय रात्र काढता येते तिथे तो आवाज द्यायचं कारणच नाही. स्थळकाळाबद्दल मी लेखात दोन परिच्छेद लिहिले होते. एवढं एक उदाहरण पुरलं असतं.

राहिली बोली. इथे तुम्ही मला सगळ्यात जास्त दुखवलंत, कारण तुमचं बरोबर होतं. मी तो सल्ला दिला त्यामागे भीती होती. इथलं लिहिलेलं तिकडे कळेल का, संपादक प्रमाण करून छापतील का, ही. ती भीती मी नियम म्हणून तरुण लिहिणाऱ्यांच्या गळ्यात घातली, हे वाईट झालं. त्या कथेचाच पुन्हा विचार केला. ‘आज अर्धीच भर’ असं म्हातारी म्हणाली असती तर ती फक्त आज्ञा झाली असती, आत्ताच्या आत्ता करायची. ‘भरजो’मध्ये पुढची वेळ आहे. तू नंतर येशील तेव्हा भरजो. सकाळी गॅलरीत उभी राहून ती चार वाजताचं सांगते आहे, आणि तिला माहीत आहे की त्यानंतरच्या चार वाजता ती इथे नसेल. प्रमाण मराठीत हे एका क्रियापदात मावत नाही. आपल्या बोलीत मावतं.

तेव्हा सल्ला असा बदलते: निवेदनाची भाषा निवेदकाची. पोरगा सांगत असेल तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत त्याची. बाहेरचा कोणी सांगत असेल, तर तो कोण आहे आणि कुठे उभा आहे हे लेखकाने आधी स्वतःशी ठरवावं. मग तो प्रमाण बोलेल की वऱ्हाडी की नागपुरी हे वेगळं ठरवावं लागत नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती मी आजच केली आहे, संघर्षाचा परिच्छेदही काढलाय.

एक विचारायचं राहिलं. आजीच्या गोष्टीत ती गाय शेवटी सापडायची का, हे तुम्ही लिहिलं नाही. मी प्रतिक्रिया तीन वेळा वाचली, त्यात कुठेच नाही. आजी तिथवर कधी गेलीच नाही, की त्याआधीच तुम्हाला झोप लागायची? जमलं तर सांगाल.