पुल-अप्स मारून बर्फ चढता येत नाही

गेला महिनाभर पुण्यातल्या ट्रेकिंग आणि क्लायंबिंगच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे या हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला गोठलेले धबधबे चढायला निघालेत, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचा गोषवारा असा: गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झाला की आईस क्लायंबिंगमध्ये, म्हणजे उभा बर्फ चढण्यात, पुढचा टप्पा म्हणजे दंडातली ताकद, तेव्हा रोज पुल-अप्स मारा. थंडी जितकी कडक तितका बर्फ भक्कम, म्हणून सगळ्यात थंड दिवस निवडा. स्क्रू (दोर अडकवायला बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ नळ्या) लावलेले असले की लीड करताना, म्हणजे दोर सोबत घेऊन सगळ्यात पुढे चढताना, पडायला हरकत नाही, सरावाच्या कृत्रिम वॉलवर पडतो तसंच. आणि हिमालयात सारखं जाणं जमत नसेल तर आईस टूल्स, म्हणजे बर्फात मारायच्या चोचीच्या छोट्या कुऱ्हाडी, घेऊन सह्याद्रीच्या कड्यांवर सराव करा.

चारही गोष्टी चुकीच्या आहेत. तिसरी जिवावर बेतणारी आहे आणि चौथीने आपल्या कातळाचं कायमचं नुकसान होईल.

आधी पुल-अप्स. मी स्वतः हीच समजूत घेऊन पहिल्यांदा गोठलेल्या धबधब्याखाली उभा राहिलो होतो. वर्षभर वॉलवर घाम गाळला होता, एका दमात पंधरा पुल-अप्स निघायच्या. टॉप-रोपवर, म्हणजे वरून बांधलेल्या दोरावर, जेमतेम दहा मीटर गेलो आणि दोन्ही हात इतके भरून आले की टूलची मूठ धरवेना. खालून बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, दादा ओरडला, "हात सोड, टाचा बघ!" टाचा वर उचललेल्या होत्या. टाच वर गेली की क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधलेल्या पोलादी दातांच्या सांगाड्याचे, पुढचे दात बर्फातून उचकटतात, पाय सटकतो आणि घाबरून आपण टूल आणखी आवळतो. हातांच्या दुखण्याचं मूळ पायात होतं.

बेसिकनंतर शिकायचं ते हे. एक टूल वर पक्कं बसलेलं, त्याच्या खाली दोन्ही पाय थोडे फाकवून एका पातळीत, म्हणजे शरीराचा त्रिकोण होतो. हात सरळ ठेवून त्या टूलवर नुसतं लटकायचं, कोपर वाकवायचं नाही. कंबर मागे काढायची, खाली बघायचं, पाय छोट्या छोट्या पावलांनी वर घ्यायचे, टाचा किंचित खाली. मग मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं, कंबर बर्फाला टेकवायची आणि तेव्हाच दुसरं टूल मारायचं. मारताना खांदा, कोपर आणि शेवटी मनगटाचा झटका. मूठ सैल. घण घालायचा नसतो. फुगवट्यावर मारलं की बर्फाच्या थाळ्या निघतात, म्हणून खोलगट जागा शोधायची. एक नीट बसलेला घाव पाच आंधळ्या घावांचे श्रम वाचवतो.

या खेळाचा इतिहासही पायांच्याच बाजूने बोलतो. १९०८ साली ऑस्कर एकेनस्टाइनने दहा दातांचे क्रॅम्पॉन तयार केले, त्यांना पुढे दात नव्हते. पाऊल सपाट टेकवत चढायचं किंवा पायऱ्या खोदायच्या. १९२९ मध्ये लोराँ ग्रिव्हेलने पुढचे दात जोडले आणि उभ्या बर्फाचा रस्ता खुला झाला. आज वापरतो ती वाकड्या चोचीची हत्यारं त्यानंतर कित्येक वर्षांनी आली. ताकदीला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पुढे झुकलेल्या, खडक-बर्फ मिश्र मार्गांवर ती लागतेच. पण साधारण ७०-८० अंशांच्या, म्हणजे डब्ल्यूआय ३ (गोठलेल्या पाण्याच्या बर्फाची काठिण्यपातळी) च्या बर्फावर ज्याचे हात भरून येतात, त्याने आधी पाय तपासावेत. सिंहगड पाठीवर वजन घेऊन चढा, जिन्याच्या पायरीवर फक्त चवडे ठेवून टाच खाली सोडा आणि मिनिटभर तसेच उभे राहा. पोटऱ्या काय म्हणतात ते ऐका.

थंडीबद्दल. कोर्समध्ये आपण बहुतेक हिमनदीच्या बर्फावर शिकतो. तो वर्षानुवर्षांच्या हिमाच्या दाबाने तयार झालेला असतो. धबधब्याचा बर्फ वाहत्या पाण्याचा थर थर गोठून होतो आणि त्याचा स्वभाव दिवसागणिक बदलतो. फार कडक थंडीत तो काचेसारखा ठिसूळ होतो, टूल मारलं की तुकडे उडतात. तापमान एकाएकी कोसळलं तर बर्फ आकसतो, आत ताण साठतो, आणि फक्त वर-खाली टेकलेला सुटा खांब एका घावाने तुटू शकतो. शून्याच्या जरा खाली, काही दिवस स्थिर असलेल्या तापमानात बर्फ मऊसर असतो आणि टूल पहिल्या घावात बसतं. उन्हात मात्र तोच बर्फ स्क्रूभोवती वितळायला लागतो. म्हणजे बघायचं ते आदल्या तीन-चार दिवसांचं तापमान आणि ऊन कधी येतं ते.

आता स्क्रू आणि पडणं. इथे मला राग येतो, कारण हे वाचून कुणीतरी खरंच पडेल. वॉलवर पडताना पायात रबरी बूट असतात. बर्फावर प्रत्येक पायात डझनभर पोलादी दात असतात आणि दोन्ही हातांत धारदार टूल्स. स्क्रूने झेललं तरी वाटेत एक दात बर्फात अडकला की शरीर खाली जातं, पाय तिथेच राहतो आणि घोटा मोडतो. आणि ही घटना पुण्यात घडत नसते. स्पितीत हिवाळ्यात रस्ता चालू असला तरी मोठं रुग्णालय कित्येक तासांवर असतं.

शिवाय स्क्रू बर्फाइतकाच चांगला. फिरवताना नळीतून बर्फाची सलग कांडी बाहेर येत असेल तर ठीक. मध्येच तो हलका फिरायला लागला तर आत पोकळी आहे, जागा बदला. डोक्यावर हात ताणून स्क्रू लावू नका, हात लगेच थकतो. कमरेच्या उंचीला, पाय नीट रोवून, सरळ हाताने लटकत लावा. हे एका हाताने जमेपर्यंत टॉप-रोपवरच लावत आणि काढत राहा. ज्या मार्गावर टॉप-रोपने, स्क्रू लावत, हात न भरता दोनदा जाता येत नाही, तो लीड करू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि बिले देणाऱ्याने चढणाऱ्याच्या सरळ खाली उभं राहायचं नाही. वरून तुकडे येतातच.

राहिला सह्याद्री. तैलबैला, नागफणी, वानरलिंगी इथला कातळ गोठत नाही, पुन्हा नवा होत नाही. बेसॉल्टच्या कडेवर पोलादी चोच अडकवून वजन टाकलं की पापुद्रा निघतो. पुढच्या चमूची पकड गेली, आणि ओरखडा राहिला तो कायमचा. आपले अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत हे वेगळंच. मेसेजसोबतच्या फोटोत कातळावर टूल लटकलेलं बघून माझ्या पोटात कालवलं.

सराव घरी होतो. गच्चीत लाकडी तुळई टांगा, तिच्यावर टूल अडकवून सरळ हाताने लटका, पाय उचलून कंबर फिरवा. आणि बर्फ हवाच असेल तर बर्फाच्या कारखान्यातून एक लादी आणा, मासळीवाले आणि रसवंतीवाले घेतात तीच. तिच्यात अबालाकोव्ह अँकर, म्हणजे दोर बांधायचा बर्फातला आधार, शिका. सोव्हिएत गिर्यारोहक व्हिताली अबालाकोव्हच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती, उतरताना स्क्रू मागे न सोडता अँकर करण्याची. लांब स्क्रूने दोन तिरपी भोकं अशी पाडायची की ती आत जाऊन मिळतील, मग आकड्याने दोरी ओढून घ्यायची आणि गाठ मारायची. आमच्या गच्चीत पहिल्या लादीत सहापैकी दोनच भोकं मिळाली. कडेच्या फार जवळ गेलात तर लादी चिरते. तिच्या मधला पांढुरका, हवेच्या बुडबुड्यांचा भाग आणि कडेचा पारदर्शक भाग यांत स्क्रू फिरवताना हाताला फरक जाणवतो का ते बघा. लादीवर वजन मात्र टाकू नका, ती हात आणि डोळे तयार करण्यापुरतीच. सकाळी लवकर आणा, दहानंतर उन्हात ती फार वेळ टिकत नाही.