आज कोण लागलंय?

आमच्या घरात माझ्या मूडची बातमी मला सगळ्यांत शेवटी कळते. त्याआधी ती नवऱ्याला, लेकीला, सासूबाईंना आणि बहुधा पोळ्यांच्या मावशींनाही कळलेली असते. फितुरी करतो तो फ्रीजवरचा चिमुकला ब्लूटूथ स्पीकर. हाताला लागेल ते गाणं आपण लावतो, असा माझा समज. लेकीच्या मते त्यामागे एक पक्कं शास्त्र आहे, आणि बारावीच्या फिजिक्सपेक्षा तिने त्याचा अभ्यास जास्त मन लावून केला आहे.

कॉलेजच्या ट्रिपसाठी पैसे हवे होते, तेव्हा बापलेकीची बाहेरच्या खोलीत चाललेली कुजबुज माझ्या कानावर आली.

"आज नको. आज भीमसेन लागलेत."

"अभंग की ख्याल?"

"अभंग."

"मग माग बिनधास्त. अभंग म्हणजे नुसती दमलीय. ख्याल असता तर ऑफिसात कुणाशी तरी वाजलंय म्हणायचं."

मी उलथनं हातात धरून स्वतःला तपासून पाहिलं. खरंच नुसती दमले होते. ट्रिपचे पैसे गेले.

मग कळलं की सगळं पंचांगच तयार आहे. किशोरकुमार म्हणजे पगार झालाय. आशाबाई म्हणजे मागाल ते मिळेल. बेगम अख्तर म्हणजे माहेराहून फोन येऊन गेलाय, तासभर लांब राहा. किशोरीताई आमोणकर म्हणजे स्वयंपाकघराकडे फिरकूच नका. 'किशोर लागलाय' आणि 'किशोरी लागलीय' यांत नवऱ्याची एकदा ऐकण्यात गल्लत झाली. नव्या टीव्हीचा विषय त्या दिवशी कायमचा मिटला. आणि काहीच लागलं नसेल, तर तो आपणहून भांडी घासायला घेतो.

त्याचा स्वतःचा मूड मात्र गाण्यावरून ओळखता येत नाही. भारत जिंकला तरी जगजितसिंग, हरला तरी जगजितसिंग, गॅस संपला तरी जगजितसिंग. या माणसाचं अंतरंग ताटात काय उरलंय त्यावरूनच कळतं.

सासूबाईंची तऱ्हा आणखी वेगळी. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले तेव्हा, म्हणजे 1952 साली, आकाशवाणीने सिनेसंगीताला दार लावून घेतलं. लोकांनी शास्त्रीय ऐकावं, सुधारावं, असा सात्त्विक हेतू. लोक सुधारले नाहीत. काटा फिरवून थेट रेडिओ सिलोनला गेले. विविध भारती 1957 साली सुरू झाली तरी सासूबाईंच्या माहेरी सिलोनच चाले. तिथे सकाळी जुनी गाणी लागत आणि आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं सैगलचं असे. घड्याळ नसलेल्या घरांत त्यावर शाळेची वेळ ठरे. त्या कातर आवाजाने आख्खा देश हळवा व्हायचा. सासूबाईंना मात्र सैगल ऐकला की अजूनही वेणी घालायची घाई होते. एकदा मी संध्याकाळी तो लावला, तर भरल्या ताटावरून उठून चष्मा शोधायला लागल्या.

रागांच्या वेळा ठरवताना आपल्या पूर्वजांनी इतका विचार केला, पण नोकरदार बाईचं वेळापत्रक काही कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही. संगीतशास्त्री भातखंडे वकिलीचं शिक्षण घेतलेले, मुंबईकर; त्यांनी रागांचे दहा थाट, म्हणजे गट, मांडले, कुठला राग कुठल्या प्रहरी गायचा याचा हिशोब लावून दिला. पहाटे ललत, सकाळी भैरव, दुपारी सारंग, उत्तररात्री मालकंस. ललताच्या वेळी मी तीन डबे भरत असते आणि कुकरची शिट्टी कुठल्याच थाटात बसत नाही. मालकंसाच्या वेळी मी घोरते. ते कुठल्या रागात, हे नवऱ्याला विचारावं.

मारवा मात्र मला नेमका पटतो. सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, आणि षड्जावर, म्हणजे घरच्या 'सा'वरही गवई सहसा टेकत नाही. डोंबिवलीच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकल्यावर अगदी असंच होतं: बसलोय म्हणावं तर बसलेलो नाही, उभं म्हणावं तर तेही नाही. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ टाळ कुटत विठ्ठलाला हाका मारत असतं. मी इयरफोन लावते. ठाण्यापर्यंत जगावर रुसलेली असते. कळव्याला आशाबाईंचं काहीतरी खट्याळ सुरू होतं. मुंब्र्याला मान डोलायला लागते, दिव्याला बोटं पर्सवर ठेका धरतात आणि कोपर यायच्या आत मी डोळे मिटून चक्क हसत असते. शेजारची बाई माझ्याकडे एकदा नीट पाहते आणि सरकून बसते. चौथी सीट अख्खी माझी. संगीतात फार मोठी शक्ती आहे म्हणतात, ती ही.

पैसे वाचावेत म्हणून आम्ही चौघांत गाण्यांच्या ॲपचं एकच खातं घेतलं आहे. त्यावर सकाळी सासूबाईंचा हरिपाठ, दुपारी लेकीची कोरियन पोरं, संध्याकाळी माझ्या बेगम अख्तर, रात्री जगजितसिंग. ते बिचारं 'खास तुमच्यासाठी' म्हणून रोज एक यादी बनवतं. त्याच्या लेखी हा सगळा एकच माणूस आहे आणि त्याला तातडीने आधाराची गरज आहे.

पंचांगाचा पत्ता लागल्यावर मी त्याचा फायदाही उठवला. रविवारी दुपारी निवांत वाचत पडायचं असलं की किशोरीताई लावायच्या. घर चिडीचूप. लेक चवड्यांवर चालते, नवरा चहासुद्धा स्वतः करून घेतो. फक्त गोची अशी की अर्ध्या तासात पुस्तक छातीवर पालथं पडतं आणि मलाच वाटायला लागतं, आपल्याला कुणीतरी फार दुखावलंय. कोण, ते आठवत बसते. कुणी ना कुणी सापडतंच.

यावर घरच्यांनी उतारा काढला. एका संध्याकाळी दार उघडताच आशाबाईंचा सूर आणि आल्याच्या चहाचा वास. मी विरघळले. दुसरा कप संपताना कळलं, लेकीने स्कूटी सोसायटीच्या गेटवर घातली होती. पुढच्या वेळी पुन्हा आशाबाई आणि वाटीभर शिरा. वॉशिंग मशीनने राम म्हटला होता. आता आवडतं गाणं दुरून ऐकू आलं तरी माझ्या पोटात गोळा येतो.

परवा तर जिन्यातच किशोरकुमार ऐकू आला, तोही माझ्या सगळ्यांत लाडक्या गाण्याचा. पाय लटपटले. दार उघडलं तर लेक हसतमुख, नवऱ्याच्या हातात पाण्याचा ग्लास, आणि ओट्यापाशी सासूबाई पदर खोचून माझ्यासाठी कांदेपोहे परततायत.

मी चप्पलही न काढता विचारलं, "किती खर्च आहे?"

नवरा म्हणाला, "अगं, आधी गाणं तर संपू दे."