खुणा पुसणाऱ्यांनो, आधी पन्हळी साफ करा

‘पोर्तुगिजांच्या खुणा पुसा’ अशी हाळी गोव्यात अधूनमधून उठते. लगेच कुणीतरी पणजीच्या जुन्या सचिवालयाकडे बोट दाखवतं. अहो, ती वास्तू मुळात आदिलशाहाची! पोर्तुगिजांनी घेतली १५१० साली, व्हाइसरॉय तिथं राहायला आला १७५९ मध्ये. मुक्तीनंतर आपली विधानसभा २००० सालापर्यंत तिथंच भरत होती. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं राज्य तिथलं, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदाही तिथलाच, ज्यावरून आपण मराठीवाले अजून धुमसतोय. मग पुसायचं कुणाचं?

आणि पुसायला माणसं कशाला? सिमेंट पुरतं. जुन्या भिंतींतला जांभा चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. त्यावर सिमेंट थापलं, वर प्लास्टिक रंग मारला की ओल कोंडते, क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात आणि आतला चिरा भुसभुशीत होतो. कंत्राटदार पुन्हा सिमेंटच थापतो! सिमेंट हलक्या हातानं उतरवायचं. मग एक भाग मुरलेला चुना, तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू. थर दहा मिलिमीटरच्या आसपास, वर काही दिवस ओलं गोणपाट. हे काम भर पावसात काढायचं नाही. पन्हळी मात्र मे महिन्यातच साफ हव्यात, नाहीतर भिंतीत टेकलेली वाशांची टोकं आधी कुजतात.

इथं इंग्लंडमध्ये, आमच्या स्विंडनचा रेल्वे कारखाना १८४३ चा, म्हणजे पणजी राजधानी झाली त्याच सालचा. १९८६ ला बंद पडला. आता त्याच शेडांत आउटलेटमध्ये लोक बूट घेतात. लिस्टेड, म्हणजे सरकारी वारसा यादीतली, भिंत परवानगीशिवाय फोडलीत तर फौजदारी गुन्हा. (रेल्वे कामगारांच्या जुन्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचं विचारू नका. तीही लिस्टेडच, १९८६ पासून कुलूपबंद.)

खरं सांगायचं तर इथले आम्ही बरेचसे गोंयकार आलो ते पोर्तुगीज पासपोर्टावर. त्यासाठी त्याच राजवटीच्या नोंदवहीतला आईबापांचा नाहीतर आजोबांचा जन्मदाखला काढून लिस्बनला नोंद केली. खुणा पुसा म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांतही आमच्यातलेच काही आहेत. ती वही कुणी पुसायला निघालं तर आमचीच बोंब पहिली. ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या मूळ भारतीय कार्डधारकांना, गोव्यात मत नाही, म्हणून ‘तुम्ही बोलू नका’ हेही ऐकतो. नाही बोलत. पण पुढच्या डागडुजीच्या निविदेत सिमेंट खोडून चुना लिहायला मत लागत नाही, लिहिणारा लागतो.