गौण खनिज

आमचे मामेसासरे फोनवर बोलतात तेव्हा मध्ये फोन नसला तरी चालेल. न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरातून आवाज थेट सांगलीला पोचतो. काल रात्री ते व्याह्यांना सांगत होते, "जावईबापू सकाळपासनं गाळ उपसतायत हो, हाती काही नाही! मी आपला हात धुवायला वाकलो आणि लागला की!" मग हसणं. मग पुढचा नंबर. मिरज झालं, तासगाव झालं, आज विट्याची पाळी आहे.

"हाती काही नाही" हे साफ खोटं आहे. माझ्या डब्यात जीवाश्म होते: बेलेम्नाइट होता, दातेरी कडांचे स्क्वालिकोरॅक्स शार्कचे दात होते, करवत माशाच्या सोंडेवरचा एक काटा होता. पण हे विट्याला कोण सांगणार?

मोनमथ काउंटीत बिग ब्रूक नावाचा ओढा आहे. नावात बिग, पाणी पोटरीइतकं. साधारण ७ कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियस काळात, इथे समुद्र होता, आणि त्याचा तळ आता ओढ्याच्या काठांमध्ये थरांनी दिसतो. जोराचा पाऊस झाला की काठ ढासळतात, त्यातले दात-शिंपले खडीत येऊन पडतात आणि आमच्यासारखे लोक गमबूट चढवून कंबरेचं वाटोळं करून घ्यायला जातात. शनिवारी मी निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "मामांना घेऊन जा. घरात बसून कंटाळलेत." मामा कंटाळलेले नव्हते. बायको कंटाळली होती.

मामा सरकारी खात्यातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. मे महिन्यात कानटोपी, हातात घडीची खुर्ची, पिशवीत चिवडा. ओढ्यावर पोचल्यावर त्यांनी आधी मला तिथले नियम विचारले आणि टेंडर ऐकावं तसे ऐकले. काठ खणायचा नाही. खुरप्याचं पातं ६ इंचांहून लांब नको. चाळण १८ इंचांहून मोठी नको. माणशी दिवसाला ५ जीवाश्म, बस.

"रॉयल्टी किती?"

"रॉयल्टी नाही, मामा."

"गौण खनिज उचलायचं आणि रॉयल्टी नाही? मग तहसीलदार करतो काय?" थोडा वेळ गणित. "माणशी पाच. म्हणजे आपण दोघं, दहा. बाईंना आणलं असतं तर पंधरा. आणि मोजतं कोण?"

मोजत कोणी नाही, लोक आपणहून पाळतात, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की भाचीचं लग्न ठरवताना चौकशी कमी पडली असावी.

त्यांनी खुर्ची वाळूच्या पट्ट्यावर मांडली आणि मी चाळायला लागलो. खडी भरायची, पाण्यात हलवायची, माती जाऊ द्यायची, मग उरलेल्या खड्यांकडे टक लावून बघायचं. यातले बहुतेक लोहयुक्त दगड, हुबेहूब हाडासारखे दिसणारे, नुसते फसवायला जन्मलेले. "वाळू चाळायला आम्ही गडी लावायचो," मामा वरून म्हणाले. "हजेरीवर." मग, जरा विचार करून, "वाळू बरी आहे. प्लास्टरला चालेल."

बेलेम्नाइट सापडला तेव्हा मी उत्साहाने वर नेऊन दाखवला. माकुळासारख्या एका प्राण्याच्या शरीरातला हा टणक भाग, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. इथला बेलेम्निटेला अमेरिकाना ओला करून उन्हाकडे धरला तर आतून मधासारखा पेटतो, आणि मोडलेल्या टोकाशी मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक रेषा दिसतात. मामांनी चष्मा वर करून तो नीट न्याहाळला.

"माझा मुतखडा अस्साच होता."

पुढचा अर्धा तास मुतखडा. सांगलीत कुठे दुखायला लागलं, रिक्षा खड्ड्यातून गेली तेव्हा काय झालं (तो रस्ता त्यांच्याच खात्याचा होता, त्यावर वेगळं निवेदन), डॉक्टर काय म्हणाले, नारळपाणी किती प्यायलं. शेवटी नऊ मिलिमीटरचा ऐवज बाहेर आला. तो त्यांनी अजून जपून ठेवला आहे. काचेच्या बाटलीत, तारीख, वजन आणि ठिकाण घालून. मी ऐकताना वरमलो नाही, पण एवढं नीट लेबल माझ्या एकाही डबीवर नाही, हे जाणवलं. शिवाय त्यांना त्यांच्या संग्रहाबद्दल कोणी "याचा उपयोग काय?" असं विचारत नाही.

मला विचारतात. इथल्या मराठी घरांत जेवायला गेलं की विचारतात. "विकलं तर किती येतील?" हा दुसरा प्रश्न. विचारणाऱ्याच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं गुंडाळून ठेवलेली कयाक असते, तळघरात वाइनचा फ्रिज असतो, गोल्फच्या काठ्यांवर कोळ्याची जाळी असतात. त्यांना मी कधी विचारलं? पैसे घालून केलेला छंद म्हणजे आवड. फुकट केला की डोक्यावर परिणाम. आणि वर "तुमच्या मुलांना आवडतं का?" मुलांना आवडत नाही. मला आवडतं. चाळीशी उलटलेल्या माणसाला काही आवडायला मुलांची सही लागते, हे कुठल्या नियमात आहे?

असो. मामांना मी सह्याद्रीचंही सांगून पाहिलं, म्हटलं इंजिनिअर आहेत, रस वाटेल. आपण काळ्या कातळावर वाढलो. तो लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात झिओलाइटचे सुंदर स्फटिक मिळतील, शार्कचा दात जन्मात मिळायचा नाही. या ओढ्यातले शार्क पोहत होते तेव्हा आपला सह्याद्री व्हायचाच होता.

"म्हणजे आपलं नवं बांधकाम."

"तसं म्हणा."

"तरीच दरडी कोसळतात."

आणि मग ते झालं. चिवडा संपवून मामा हात धुवायला खाली उतरले. मी शंभर पावलं खाली, एक बूट चिखलात रुतलेला, चाळण भरलेली. लांबून एवढंच दिसलं की मामा खुर्चीत परत बसले आहेत आणि शांतपणे दात कोरत आहेत. शेंगदाण्याचं साल अडकलं असणार. जवळ आलो तेव्हा त्यांच्या हातातली काडी दिसली.

ती काडी नव्हती. तो स्कॅपॅनोऱ्हिंकसचा, म्हणजे गॉब्लिन शार्कच्या प्राचीन भाऊबंदाचा, पुढच्या बाजूचा दात होता. लांब, सडपातळ, किंचित एस आकाराचा बाक, आतल्या अंगावर उभ्या बारीक रेघा, आणि खाली मुळाचे दोन्ही फाटे शाबूत. हे फाटे शाबूत मिळत नाहीत. ओढा आधी तेच मोडतो. मला आजवर मिळालेल्या दातांचा एक तरी पाय अधू आहे. आणि हा अखंड, काळाभोर, टोकाला शेंगदाण्याचं साल.

"मामा, हलू नका."

"का? साप आहे?"

तेवढ्यात एक गोरी, पाच-सहा वर्षांची मुलगी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि टक लावून बघू लागली. मामांना लहान मुलं फार आवडतात. त्यांनी दात ओढ्यात विसळला, आपल्या फोनवर एक फोटो काढला आणि "टेक, बेटा, टेक" म्हणून तिच्या तळहातावर ठेवला. मागून तिचा बाप आला. गळ्यात भिंग, कमरेला खुरपं, मुरलेला गडी. त्याने दाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मला सगळं समजलंय हे त्याला समजलं. "थँक यू सो मच, सर," असं मामांना म्हणून त्याने पोरीला कडेवर घेतलं आणि पाण्यातून चालतात त्यापेक्षा बराच जोरात चालू लागला. लहान मुलीच्या हातून वस्तू परत मागणाऱ्या ब्राउन माणसाचं काय होईल, याचा विचार करत मी चिखलात उभा.

"एवढं काय? दातच होता," मामा म्हणाले. "आणि आपले नऊ बाकी आहेत."

या राज्याला ही परंपरा जुनी आहे, असं मी स्वतःला समजावतो. हॅडनफील्डला १८३८ च्या सुमारास एका शेतात मार्ल, म्हणजे खताची हिरवी माती, उपसताना प्रचंड हाडं निघाली. मालकाने ती घरात मांडली, आल्यागेल्यांनी बरीच उचलून नेली. वीस वर्षांनी, १८५८ साली, फाउल्क नावाच्या गृहस्थांनी तिथे पुन्हा खणायला लावलं, तेव्हा उरलेला हॅड्रोसॉरस नावाचा डायनासोर जीवाश्मतज्ज्ञ जोसेफ लीडींच्या हाती आला. त्या शेतकऱ्याच्या घरातही कोणी तरी मामा राहायला असणार.

उरला तो फोटो. तो मी एका जाणकारांना पाठवला. उत्तर आलं: मुळावर अंगठा आहे, शेजारी मोजपट्टी नाही, काही सांगता येत नाही. मी मामांना तेच वाचून दाखवलं, जरा खोचकपणे. मामा उठले, ड्रॉवरमधून टेप काढली, अंगठ्याला लावली आणि कागदावर आकृती काढून दिली. नखाची रुंदी, पेराची लांबी, फोटोतलं प्रमाण, खाली सही आणि तारीख. त्यांच्या हिशेबाने दात दीड इंचाहून थोडा जास्त. मी स्वतः दोनदा ताळा केला. आकडेमोड बिनचूक आहे, आणि माझ्या डब्यातला सगळ्यात मोठा दात एक इंचाचाही नाही.