प्रश्नातला शेतकरी उत्तरात कुठं जातो?

वरुड-मोर्शीकडची लॉची पोरं-पोरी सरावाचे पेपर माझ्याकडे आणतात. कलमं पाठ, अक्षर सुंदर, पुरवण्या जोडलेल्या. पण प्रॉब्लेममधली माणसं उत्तरात सापडतच नाहीत, आणि मार्क तिथंच जातात. फार जीव तुटतो.

मी दिलेला एक प्रश्न बघा. शेतकऱ्यानं संत्र्याच्या बगीच्यातलं मृग बहाराचं (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं) अख्खं फळ व्यापाऱ्याला 6 लाखांत दिलं, 1 लाख इसार घेतला. संत्री तोडून द्यायचं काम शेतकऱ्याकडे. त्याआधीच गारपीट झाली, सगळा माल मातीत. व्यापारी इसार परत मागतो. शेतकरी म्हणतो, सौदा झाला, बाकीचे 5 लाखही दे.

बहुतेकांनी करार कायदा, 1872 चं कलम 10 काढलं आणि वैध कराराच्या अटींवर पानं भरली. अरे बाप्पा, करार वैध आहे यावर भांडण आहेच कुठं? गारा पडल्या त्या दिवशी माल कोणाचा होता, भांडण त्यावर आहे. ते पहिल्याच ओळीत लिहा.

मग मालविक्री कायदा, 1930. कलम 26: वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीसोबत जाते. कलम 21: माल देण्याजोगा करायचं काम विकणाऱ्याकडे असेल, तर ते होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी सरकत नाही. तोडणी शेतकऱ्याकडे होती, म्हणजे माल त्याचाच. जोखीम सरकण्याआधीच, कोणाची चूक नसताना माल गेला, म्हणून कलम 8 नं करार संपतो, करार कायद्याच्या कलम 65 नं इसार परत जातो.

करार पाळणं अशक्य झालं तर तो संपतो का, यावरचा सत्यव्रत घोष खटला (1954) सगळे लिहितात, नुसतं नाव. तिथं सरकारनं सौद्यातली जमीन युद्धकाळापुरती ताब्यात घेतली होती, म्हणून करार संपला नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. इथं फळंच उरली नाहीत. हा फरक लिहिणाऱ्याला मी तरी भरभरून मार्क देईन.

तोडणी व्यापाऱ्याकडे असती तर निकाल उलटू शकला असता, तेही दोन ओळींत यावं.

आपलं मन शेतकऱ्याकडे ओढतं, माझंही. त्याला वाचवायचंच असेल तर कलम 26 मधल्या 'वेगळं ठरलं नसेल तर' या शब्दांना धरा. गारपिटीची जोखीम व्यापाऱ्यानं सौद्यात स्वतःकडे घेतली होती का? प्रश्नात तसं काही नसेल, तर नाही असं स्पष्ट लिहा.